क्रीडांगणाचं क्रीडागृह

“‘ण’ सुटला! धरा खाली!”

शिडीवरून कारागीर ओरडला आणि खाली उभ्या असलेल्या किल्लीकाकांनी दोन्ही हात वर करून ते कमरेएवढं पत्र्याचं अक्षर अलगद झेललं. चौतीस वर्षं जे डोक्यावर होतं ते आज पहिल्यांदा हातात आलं. मागच्या बाजूला कबुतरांनी काड्या रचून ठेवल्या होत्या. काकांनी त्या आधी काढून कठड्यावर ठेवल्या, मग अक्षर भिंतीला टेकवलं आणि हात झटकले.

व्यवस्थापक मॅडम घड्याळावर एक डोळा ठेवून हे बघत होत्या. रविवारी उद्घाटन होतं आणि आज गुरुवार उजाडला तरी पाटी अर्धवट लटकत होती. दोन वर्षं खपून शहराच्या जुन्या उघड्या क्रीडांगणावर छप्पर चढलं होतं, दगडी पायऱ्यांच्या जागी गुबगुबीत खुर्च्या आल्या होत्या, आणि पाटीवर ‘क्रीडांगण’ जाऊन ‘क्रीडागृह’ यायचं होतं. मॅडम त्यासाठीच इथे आल्या होत्या. आठ महिन्यांत त्यांनी रविवार असा पाहिला नव्हता.

“मॅडम, पाटी तर बदलतेय. आता दारांचं काय करायचं?” काकांनी विचारलं.

“दारांचं काय म्हणजे? नवी कोरी दारं आहेत.”

“दारं झाली हो नवी. माणसं आत घ्यायची रीत जुनीच ठेवून कसं चालेल? अंगणाचं गृह झालंय.”

झालं सुरू, असं मॅडमच्या मनात आलं. निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस जुन्या गोष्टींना चिकटून बसणारच. त्या जरा समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “काका, शब्दाचा फरक आहे तो. खेळ तेच, लोक तेच.”

“लोक तेच, पण अंगणातून माणूस कुठूनही बाहेर पडतो. घरातून त्याला दारानंच पडावं लागतं. आणि दार म्हटलं की जे माहितीचं असेल तेच. आपण सगळ्यांना पुढच्या दोन दारांनी आत घेणार. मग काही झालं तर चार हजार माणसं त्याच दोन दारांवर येणार. बाकीची आठ दारं नुसती बघत बसतील.”

“ती आठही उघडतात. कंट्रोल रूममध्ये एक बटण दाबलं की सगळी मोकळी. वीज गेली तर आपोआप मोकळी होतात. मी स्वतः चाचणी घेतलीय.”

“दारं उघडतील हो. पण माणसांच्या पायांना ती ठाऊक नसतील, त्याचं काय?”

मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. पास तपासायची यंत्रं पुढे आहेत तर पुढेच तपासावेत, पण तपासून झाल्यावर ज्याची खुर्ची ज्या दारापाशी, त्याला इमारतीला बाहेरून वळसा घालून त्याच दारानं आत न्यावं. मॅडमनी कपाळाला हात लावला. पुढच्या दारात लाल गालिचा होता, पाहुण्यांसाठी फुलं होती, फोटोवाले होते. तिथून आत यायचं सोडून लोकांना भर उन्हात इमारतीभोवती फिरवायचं?

“नाही काका. पुढची दोनच दारं. विषय संपला.”

काकांनी मान डोलावली. ती होकाराची होती की नुसतीच, हे मॅडमना त्या वेळी कळलं नाही.

किल्लीकाका हे त्यांचं नाव नव्हे, पण पगारपत्रक सोडलं तर दुसरं नाव कुठे वापरात नव्हतं. कमरेला बावीस किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. हुद्दा म्हणाल तर द्वारप्रमुख. हाताखाली बारा दारवाले. तेविसाव्या वर्षी इथे लागले तेव्हा शहरभर पोरं त्यांचा हेवा करायची, कारण हा माणूस सगळे सामने फुकटात बघणार. प्रत्यक्षात चौतीस वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिला नाही. दारवाल्यानं मैदानाकडे पाठ करून आणि माणसांकडे तोंड करून उभं राहायचं, हा त्यांचा पहिला नियम, आणि तो त्यांनी स्वतःलाही कधी माफ केला नाही. शहराचा संघ एकदाच अंतिम सामना जिंकला, तेव्हाही काका पायऱ्यांकडेच बघत उभे होते. शेवटच्या मिनिटाला हजारो तोंडं एकदम उघडली आणि काकांनी शेजारच्याला विचारलं, “आपण का ते?” हा किस्सा कामावर अजून सांगतात, आणि काका स्वतः त्यावर सगळ्यांत जास्त हसतात.

दुसरा नियम त्याहून विचित्र. प्रत्येक दारवाल्यानं आपल्या दारापासून सगळ्यांत लांबच्या जागेवर जाऊन बसायचं, डोळे मिटायचे आणि पावलं मोजत दारापर्यंत यायचं. मध्ये डोळे उघडले तर पुन्हा पहिल्यापासून. काका स्वतः सगळ्या दारांना हे करत. घरीही खोड गेली नव्हती. त्यांच्या बायकोनं एकदा कामगारांच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “सकाळी उठले की डोळे मिटून मोरीपर्यंत चालतात. दोनदा माझ्या भरलेल्या बादलीत पाय गेलाय. विचारलं तर म्हणतात, बादली कालच्या जागेवर नव्हती!”

तिसरा नियम असा की गडबड झाली तर ‘पळा’ म्हणायचं नाही. ‘शांत राहा’ तर मुळीच म्हणायचं नाही, कारण ते ऐकल्यावर शहाणा माणूससुद्धा घाबरतो. आपल्या दाराचा नंबर तेवढा एका सुरात म्हणत राहायचा.

शुक्रवारी दुपारी मॅडम इमारतीतून फेरी मारत होत्या तेव्हा काका त्यांना आठ नंबरच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात दिसले. डोळे मिटून, हात बाजूला सोडून, संथपणे पायऱ्या उतरत होते. मॅडम थांबून बघत राहिल्या. खाली आल्यावर काका म्हणाले, “बेचाळीस पावलं, एक वळण, चौदा पायऱ्या. सगळ्यांत वाईट दार हे.”

“उघड्या मैदानात असताना असं काही झालं होतं का कधी?” मॅडमनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

“गारपीट झाली होती ना. बावीस वर्षं झाली. अकरा हजार माणसं होती.” काका शेवटच्या पायरीवर टेकले. “पण मजा बघा. आभाळ पाऊण तास आधीपासून काळं होत होतं. ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं, लहान पोरं होती ते तेव्हाच उठून गेले. गारा आल्या तेव्हा उरलेले गुडघाभर भिंत ओलांडून सरळ मैदानात उतरले आणि समोरच्या मोठ्या फाटकातून बाहेर. एकाच्याही नखाला धक्का लागला नाही. माझं त्यात काही नव्हतं, मी नुसतं फाटक उघडलं. आभाळच सगळ्यांना हळूहळू सांगत होतं.”

त्यांनी वर बघितलं. वर पांढरंशुभ्र नवं छत होतं.

“आता हे काही सांगणार नाही. कळेल तेव्हा सगळ्यांना एकदम कळेल.”

काकांचं ऐकावं का, असं क्षणभर मॅडमच्या मनात आलं. पण तेवढ्यात फोन वाजला, फुलवाला चुकीच्या पत्त्यावर गेला होता, आणि ते राहून गेलं.

रविवारी उद्घाटनाला शहरातल्या अकरा शाळांचं कवायत संमेलन होतं. दुपारी तीनची वेळ. पोरं, आईबाप, आजीआजोबा मिळून चार हजारांचा आकडा. मॅडमची आईही यायची होती. वय चौऱ्याहत्तर, हातात काठी, आणि लेकीनं बांधलेली इमारत बघायची म्हणून सकाळपासून तयार होऊन बसलेली. लेकीनं नुसती देखरेख केली होती, बांधली नव्हती, हे तिला कोण सांगणार? मॅडमनी तिच्यासाठी पुढची खुर्ची राखली होती, पण ऐन वेळी पाहुण्यांच्या यादीत चार माणसं वाढली.

“अगं, मी कुठंही बसेन. मला काय, छपराखाली बसल्याशी कारण,” आई म्हणाली. शेवटी तिला आठ नंबरच्या वरच्या कोपऱ्यातली खुर्ची मिळाली.

पावणेतीनला मॅडम पाहुण्यांना घ्यायला पुढच्या दारात आल्या आणि बघतात तो काय, गालिचावर शुकशुकाट. पास तपासून झालेली माणसं आत येण्याऐवजी उजवीडावीकडे वळत होती. प्रत्येक शाळेपुढे एक दारवाला नंबराची पाटी उंच धरून चालला होता आणि त्याच्यामागे रांगच्या रांग इमारतीला वळसा घालून निघाली होती. कुणी कुरकुरत होतं, कुणी हसत होतं. पोरांना मिरवणुकीसारखी मजा वाटत होती. फोटोवाले रिकाम्या गालिचाचे फोटो काढून कंटाळले होते.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वाजले, सव्वातीन झाले, तरी लोक फिरतच होते. प्रमुख पाहुण्यांनी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “तुमच्याकडे दारं कमी पडली वाटतं.” मॅडम ओशाळं हसल्या आणि तिथून तडक आठ नंबरला गेल्या. काका नेमके त्यांच्या आईचा हात धरून तिला पायऱ्या चढवत होते. आई मोठ्यानं मोजत होती, “...बारा, तेरा, चौदा.”

“काका, मी नाही म्हटलं होतं.”

“म्हटलं होतं, मॅडम.”

“आणि तरी तुम्ही चार हजार लोकांना उन्हात फिरवलंत? माझी शोभा केलीत आज सगळ्यांसमोर.” दोन दारवाले शेजारी उभे होते, आई ऐकत होती, पण मॅडमना भान राहिलं नव्हतं. “उद्या सकाळी किल्ल्या माझ्या टेबलावर हव्यात. उरलेले चार महिने घरी बसा.”

काकांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. कमरेच्या जुडग्यावर हात ठेवून ते म्हणाले, “उद्या आणून देतो, मॅडम. आजचा दिवस असू द्या.”

कार्यक्रम पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. पोरांनी मनोरे रचले, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. चार वाजून दहा मिनिटांनी छताजवळच्या थंड हवेच्या यंत्रातून फाटकन आवाज आला, ठिणग्या उडाल्या आणि सगळे दिवे गेले. खिडकी एकही नव्हती. ध्वनिक्षेपक मुका झाला. काळोखात जळक्या वायरचा वास पसरला आणि कुणीतरी किंचाळलं, “धूर! धूर!”

मॅडम पुढच्या दारात होत्या. दारं ठरल्याप्रमाणे आपोआप मोकळी झाली होती आणि त्यांतून माणसं बाहेर येऊ लागली होती. आता लोंढा येणार, म्हणून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. शंभर आले, दोनशे आले, सातआठशे आले. येणं थांबलं.

बाकीचे कुठे आहेत?

तीन हजारांवर माणसं आत होती आणि आई सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात होती. त्या आत धावल्या. काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. लांबून, जवळून, वेगवेगळ्या बाजूंनी दारवाल्यांचे आवाज येत होते, घाई नसलेले, एका सुरातले. “पाच. पाच. पाच.” “नऊ. नऊ. नऊ.” आणि त्या आवाजांच्या दिशेनं हजारो पावलांची सरसर चालली होती. धुरानं मॅडमना खोकल्याची उबळ आली. त्या उलट्या फिरल्या, बाहेर पडल्या आणि इमारतीला वळसा घालत पळत सुटल्या. पायात उंच टाचांच्या चपला होत्या, त्या कुठेतरी गळून पडल्या.

तिसऱ्या दारातून माणसं येत होती. चौथ्यातून येत होती. पाचव्यातून बाहेर आलेल्या एका शाळेच्या बाई उन्हात पोरांची हजेरी घेत होत्या आणि पोरं “हजर” म्हणत होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. जी रांग तासाभरापूर्वी कुरकुरत आत गेली होती, तीच उलटी बाहेर येत होती.

आठ नंबरसमोरच्या कट्ट्यावर आई काठी मांडीवर आडवी ठेवून बसली होती.

“आई!” मॅडमनी तिला मिठीच मारली. “तुला लागलं नाही ना? कशी आलीस गं तू?”

“कशी म्हणजे? ज्या दारानं आत गेले त्याच दारानं बाहेर आले. त्यात काय एवढं?” आई म्हणाली. “त्या भल्या माणसानं पायऱ्या मोजायला लावल्या होत्या. चौदा. काळोखात मोजत उतरले. माझ्या मागच्या बाईला पण मीच मोजून दिल्या.” मग तिनं लेकीच्या पायांकडे बघितलं. “अगं, तू अनवाणी का?”

मॅडम रडू लागल्या. खुल्या रस्त्यावर, दारवाल्यांसमोर, तोंड झाकायचंही भान न ठेवता रडल्या.

“काका कुठे आहेत?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

दारवाल्यानं आत बोट दाखवलं. “सगळ्या रांगा बघून येतो म्हणाले. काका शेवटी निघतात, मॅडम. नेहमीच.”

दारातून आता नुसता धूर येत होता. एकेक मिनिट जड झालं होतं. अग्निशामक दलाची गाडी वळणावर आली तेव्हा धुरातून आधी किल्ल्यांचा आवाज आला आणि मग काका आले. डोळे घट्ट मिटलेले, नाकावर रुमाल. उन्हात आल्यावर त्यांनी डोळे उघडले. हातात लहान मुलाचा एक कॅनव्हासचा बूट होता.

“कुणी नाही आत,” ते खोकत म्हणाले. “सहा मिनिटं चाळीस सेकंद. आठ नंबरला जरा जास्त लागला वेळ.” आणि मग बूट वर धरून त्यांनी गर्दीला विचारलं, “हा कुणाचा रे?”

चार हजार माणसांत मिळून एक गुडघा खरचटला होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यंत्र बिघडल्याची बातमी आली, दारं आपोआप उघडल्याबद्दल नव्या इमारतीचं कौतुक आलं. दारवाल्यांबद्दल ओळही नव्हती. कुणाला काही झालंच नव्हतं, तर लिहिणार तरी काय?

सोमवारी सकाळी बरोबर दहाला काका मॅडमच्या खोलीत आले आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

“काका, हे काय!” मॅडम उठून उभ्या राहिल्या. “मी चुकले. सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले, तशी सगळ्यांसमोर माफी मागते. उचला त्या किल्ल्या.”

“माफी कसली. पाहुणे ताटकळत उभे होते, तुमच्या जिवाला किती घोर लागला असेल, मला समजतं.” काका हसले. “काम करतो मी चार महिने. किल्ल्या मात्र राहू द्या. त्यातली एकही इथं लागत नाही.”

मॅडमनी जुडगा हातात घेतला. फाटक, उत्तर बाजू, दक्षिण बाजू, पाण्याची टाकी. प्रत्येक किल्लीला रंगानं लिहिलेली पत्र्याची चकती होती. ती सगळी दारं दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली होती. नव्या दारांना किल्लीचं भोकच नव्हतं. दोन वर्षं हा माणूस कुठलंही कुलूप न उघडणाऱ्या बावीस किल्ल्या कमरेला बांधून रोज कामावर येत होता, हे मॅडमना आत्ता कळलं.

“पुढच्या कार्यक्रमाला दहाही दारांनी लोक घ्यायचे. मी लेखी काढते,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“काढा. पण त्याआधी एकदा चालून बघा.”

दोघं आठ नंबरच्या वरच्या कोपऱ्यात गेले. आत तात्पुरते दोन दिवे लावले होते. जळका वास अजून गेला नव्हता. मॅडम आई बसली होती त्याच खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

“धरणार नाही मी,” काका म्हणाले. “आणि उघडले तर परत पहिल्यापासून.”

मॅडम उठल्या. पहिल्या पाच पावलांतच वाटलं की समोर भिंत आहे. हात पुढे गेला, भिंत नव्हती. दहा. वीस. एकतिसाव्या पावलाला गुडघा खुर्चीवर आपटला, पण डोळे उघडले नाहीत. बेचाळीस. वळण. मग पायऱ्या. काल आई इथून काठी टेकत काळोखात उतरली होती. बारा, तेरा, चौदा. बोटांना दाराचा गार आडवा दांडा लागला. त्यांनी तो ढकलला आणि चेहऱ्यावर ऊन आलं.

“जमलं, काका!” त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या आणि डोळे उघडून मागे वळल्या.

काका मागे नव्हते. मॅडम पुन्हा पायऱ्या चढून आत आल्या. वरच्या कोपऱ्यात, मॅडम उठल्या त्याच खुर्चीवर काका बसले होते. हात मांडीवर, कंबर मोकळी, मैदानाकडे तोंड. खाली कुणीच खेळत नव्हतं. ते बघत होते.

मॅडमनी हाक मारली नाही. दाराशी जाऊन त्या काकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.